सोमला नायकाचा जवाब

कार्तिक लागला की दिग्रस-यवतमाळ रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. त्यांना फुलं आलेली नसतात. कापसाने ठासून भरलेले ट्रक जाताना बाभळीचे काटे त्यांच्या अंगावरून चिमूट चिमूट कापूस ओरबाडून घेतात आणि मग हंगामभर तो वाऱ्यावर मिरवत राहतात. बाहेरगावचा पाहुणा गाडीच्या काचेतून बघतो आणि म्हणतो, काय सुंदर दिसतं हो. मलाही पूर्वी सुंदरच दिसायचं. आता या वयात त्या बाभळी पाहिल्या की मला माझ्या भिंतीवरची मानपत्रं आठवतात. दुसऱ्याचा माल अंगावर अडकवून उभं राहायचं आणि लोकांनी म्हणायचं, वा, काय बहर आहे.

मी नट होतो. मोठा नव्हे. ज्याला पेपरवाले चरित्र अभिनेता म्हणतात तो. त्या शब्दातलं चरित्र कोणाचं, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. मी नायिकेचा बाप झालो, गावचा कोतवाल झालो, कोर्टात घाबरून साक्ष फिरवणारा शेतकरी झालो, देवळाच्या पायरीवरचा म्हातारा तर किती वेळा झालो ते मलाच आठवत नाही. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा पांढऱ्या मिशा लावल्या, आणि खऱ्या पांढऱ्या झाल्या तेव्हा रंगवाला म्हणाला, काका, आता तुमचं काम सोपं झालं. पुढे घरोघरी टीव्ही आला. तिथे मी आजोबा झालो. एका मालिकेत चार वर्षं नुसता खाटेवर बसून होतो, पण आठवड्यातून एकदा मला उठवायचे आणि अंगणातून चालत जायला लावायचे. प्रेक्षकांची पत्रं यायची म्हणे त्यासाठी.

कारण लोकांना माझं नाव कधी ठाऊक नव्हतं. त्यांना माझी चाल ठाऊक होती. 'अहो तो नाही का, असा चालतो तो', एवढीच माझी ओळख. डावा पाय जरासा ओढून पुढे टाकायचा, चार पावलांवर थांबायचं, मान डावीकडे फिरवून उजवा कान पुढे करायचा आणि दोन शब्द म्हणायचे, 'हां, तं?' बस. एवढ्यावर मी चाळीस वर्षं जेवलो. नाटकाच्या दौऱ्यात, लग्नात, एकदा तर माझ्या धाकट्या बहिणीच्या तेराव्याला सुद्धा कोणीतरी पोरगं पुढे करून म्हणालं, काका, याला जरा ते चालून दाखवा ना.

मुलाखतीत हमखास विचारायचे, ही चाल तुम्हाला सापडली कुठे? मी डोळे किंचित मिटून म्हणायचो, निरीक्षणातून. ग्रामीण माणसाचा मी खूप अभ्यास केला. हे म्हणताना मला कधी लाज वाटली नाही. खोटं बोलायची सवय नटाला असतेच; पण हे खोटंही नव्हतं, हीच त्यातली गोम. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, तसं आता हे लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्याने मला माफ करावं म्हणून नाही. माफ करणं वाचणाऱ्याच्या हातात नाहीच.

छप्पन सालचा हंगाम. त्या नोव्हेंबरात आम्ही वऱ्हाडातले लोक जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. आम्ही राहायला दिग्रसला, माझे वडील दारव्ह्याच्या कचेरीत कारकून. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दौत-टाकच. जमिनीचा तुकडा नाही, दुकान नाही, फक्त अक्षर चांगलं. नागपूर वडिलांच्या ओळखीचं होतं, तिथल्या साहेबांच्या सह्या त्यांना पाठ होत्या. मुंबईचं त्यांना काहीच पाठ नव्हतं. ते बसमधून उतरून घरी यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, आता आपण शेवटच्या पानावर गेलो. मला त्यांच्या दुःखाचं काही वाटलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मुंबई हा शब्द मला आवडायचा.

मॅट्रिक होऊन मी घरी बसलो होतो, म्हणून वडिलांनी शब्द टाकून मला गावातल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामापुरता चिकटवला. काम सोपं. फाटकाशी एका खिडकीत बसायचं आणि कापसाची बंडी आली की ती हाकणाऱ्या धुरकऱ्याला नंबराची चिठ्ठी द्यायची. आमच्याकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात. सकाळी भोंगा व्हायचा, मग दिवसभर यंत्रांची घरघर. हवेत रुईचे तंतू इतके, की दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. डबा उघडला की वरणावर तंतू, पाण्याच्या लोट्यात तंतू, खोकला तर प्रत्येकाला. सरकीचा तेलकट गोडसर वास कपड्यांत असा बसायचा की आई म्हणायची, तू येतोस हे मला कोपऱ्यावरच कळतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मुंबईत पहिल्या पावसाळ्यात चाळीतल्या गाद्या दमट झाल्या की त्या रुईतून तोच वास यायचा आणि मी उठून बसायचो.

फाटकाबाहेर बंड्यांची रांग बाजारापर्यंत जायची. नंबर लागेस्तोवर माणसं तिथेच राहायची, तिथेच भाकरी थापायची, बैलांना कडबा टाकायची. रिकामा वेळ भरपूर आणि माणूस रिकामा असला की त्याला सोंगं सुचतात. जिनात पुंजाजी नावाचा म्हातारा फिटर होता, यंत्रांच्या पट्ट्या बसवायचा. दिवाळीनंतर तो दंडारीचं मंडळ चालवायचा. ढोलकी, झांजा आणि सोंगं. कधी सावकाराचं सोंग, कधी तलाठ्याचं, कधी गावातल्याच एखाद्या जित्या-जागत्या माणसाचं. आणि त्या शेवटच्या प्रकाराला पुंजाजीचा एक नियम होता. तो त्याने मला पहिल्याच दिवशी, ढोलकीला शाई लावता लावता सांगितला.

"ज्याचं सोंग घ्याचं, त्याले आदी सांगाव लागते. अन् सेवटचा बोल त्याचा असते."

म्हणजे असं की सोंग संपलं की ढोलकी थांबायची, पुंजाजी त्या माणसाचं नाव घेऊन 'जवाब' म्हणून हाक मारायचा. तो माणूस उठून मधे यायचा आणि सोंग घेणाऱ्याची अशी काही उडवायचा की हसू उलटायचं. मग दोघांनी एका पानाचे दोन तुकडे करून खायचे. सोंगासारखं सोंग झालं आणि माणसासारखा माणूस राहिला, असा तो हिशोब. त्यामुळे आमच्याकडे सोंगावरून कधी भांडण झालं नाही. जवाबाची तयारी करायला मिळावी म्हणून आधी सांगायचं, एवढं साधं होतं ते. मला तेव्हा तो नियम म्हणजे म्हाताऱ्याची खोड वाटली.

अरुणावतीपलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा होता. सोमला हा त्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. वाद तो मिटवायचा, सोयरीक तो ठरवायचा, तांड्याचा शब्द बाहेर तो द्यायचा. त्याच्या आजाच्या काळी हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. या जिनाला पहिल्या वर्षीचा कापूस त्याच तांड्याच्या बैलांनी आणून दिला होता, म्हणून हंगामाच्या मुहूर्ताला पहिली बंडी कायम त्यांची. वजनाच्या काट्याची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि जिनाचे शेटजी सगळ्यांसमोर नायकाच्या खांद्यावर शेला टाकायचे. लांबून रुबाब दिसायचा सोमलाचा. लाल पागोटं, कानात भिकबाळी, हातात काठी.

आणि ती चाल.

त्या चालीची गोष्ट त्याने मला स्वतः सांगितली होती, हे आधीच सांगून टाकतो. मुहूर्ताच्या आधी एका दुपारी पहिल्या बंडीची चिठ्ठी न्यायला आला तेव्हा तो खिडकीशी येऊन बसला. तरणा असताना नदीच्या चढावर त्याची बंडी मागे घसरायला लागली. बंडीत बायको आणि तान्ही पोर. चाकाला उटी म्हणून अडकवायला दगड सापडेना, तेव्हा त्याने चाकाखाली आपला डावा पाय घातला. बंडी थांबली. पायाची बोटं गेली. हे सगळं त्याने भाव सांगावा तितक्या सहज सांगितलं. डाव्या कानानेही त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून समोरचा बोलायला लागला की तो थांबून उजवा कान पुढे करायचा, कोणाचा शब्द खाली पडू नये म्हणून. 'हां, तं?' म्हणजे, ऐकतो आहे, पुढे बोल. मला हे सगळं माहीत होतं. पोरवयात कळलं नाही, ही सबब मला नाही.

आमच्या घरीही तो यायचा. सरकारी कागद आला की वडिलांकडून वाचून घ्यायचा, अर्ज लिहून घ्यायचा. वडील तसे शिष्ट, पण नायकाला ओसरीवर बसवून ठेवत नसत, आत बोलवून चहा देत. म्हणायचे, हा माणूस वाचलेलं एकदा ऐकतो आणि अक्षर न् अक्षर लक्षात ठेवतो. माझ्या साहेबांपेक्षा बरा. मला नायक 'छोरा' म्हणायचा. तांड्यावरून येताना धडप्यात बांधून सीताफळं आणायचा आणि आईला न देता माझ्या हातात द्यायचा.

तर मुहूर्ताचा दिवस. दुपारची वेळ, ऊन मऊ, जिनाच्या अंगणात सतरंज्या. काटापूजन झालं, नायकाच्या खांद्यावर शेला पडला, तो पुढच्या ओळीत बसला. त्याच्या मागे तांड्याची माणसं, काही पलीकडच्या तांड्याचीही. शेटजींच्या बाजूला खुर्चीवर मुंबईचे एक पाहुणे होते, सिनेमाच्या धंद्यातले. ते येणार हे मला आठवडाभर आधी कळलं होतं आणि आठवडाभर मी नीट जेवलो नव्हतो.

माझं सोंग ठरलेलं होतं. मुंबईहून आलेला नवा अंमलदार. तो नकाशात यवतमाळ शोधतो आणि त्याला सापडत नाही. घरी वडिलांसमोर म्हणून पाहिलं तेव्हा ते सुद्धा हसले होते. पण अंगणात ते पडलं. बंड्यांवरून आलेल्या माणसांना नकाशाचं काय. दोन कारकून हसले, बाकी सगळे माझ्याकडे शांतपणे बघत राहिले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. सोंग पडतं तेव्हा काय होतं ते नटालाच ठाऊक. हात कुठे ठेवावे कळत नाही आणि वाटतं की आता या क्षणी काहीही करायला आपण तयार आहोत. मी काहीही केलं. समोर नायक बसला होता. मी गळ्यातलं उपरणं सोडून शेल्यासारखं खांद्यावर टाकलं, झांजवाल्याची काठी ओढून घेतली आणि डावा पाय ओढत चालायला लागलो.

पहिल्या चार पावलांत अंगण हसलं. मी थांबलो, कान पुढे केला, 'हां, तं?' म्हणालो आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. तसं हसू मी पुन्हा आयुष्यात ऐकलं नाही. मी आणखी चाललो. शेटजींसमोर गेलो, शेला घेतल्याचा अभिनय केला, काट्याच्या पारड्याला कान लावून 'हां, तं?' म्हणालो. शेटजी डोळे पुसत होते. पाहुणे पुढे सरकून बसले होते. त्या माणसाने बंडी सावरायला चाकाखाली आपला पाय घातला होता. मी माझं सोंग सावरायला त्याचाच पाय घातला.

पुंजाजीने ढोलकी थांबवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. आधी सांगितलेलं नाही हे त्याला कळलं होतं, पण नियम तो नियम, आणि त्याला वाटलं असेल, निदान अर्धा तरी पाळू. तो म्हणाला, "सोमला नायक, जवाब."

नायक उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. थोडं हसूच होतं. काहीतरी सुचलंही असावं त्याला. तो पुढच्या ओळीतून मधे यायला निघाला आणि त्याने डावा पाय ओढून पुढे टाकला. अंगण पुन्हा हसलं.

त्याला कळलं नाही. तो चार पावलं आला आणि नेहमीसारखा थांबला. पुंजाजी काहीतरी बोलला होता, ते ऐकायला त्याने मान फिरवून कान पुढे केला. आता तर लोक सतरंजीवर लोळायला लागले. त्याच्या तांड्याची दोन-तीन पोरंही तोंडावर हात धरून हसत होती, आणि आपण हसतो आहोत याची त्यांनाच भीती वाटत होती. नायकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो जागच्या जागी उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. खांद्यावरचा शेला काढून त्याने नीट घडी घातली, काट्याच्या पारड्यात ठेवली आणि वळून फाटकाकडे निघाला. फाटक लांब होतं. तेवढं अंतर त्याला चालावंच लागलं, आणि लोक त्या प्रत्येक पावलाला हसले.

मी धावत जाऊ शकलो असतो. वीस पावलांचं काम. त्याच वेळी पाहुण्यांनी खुर्चीतून बोटाने मला बोलावलं.

मी पाहुण्यांकडे गेलो.

ते म्हणाले, हे तुझं स्वतःचं आहे का? मी हो म्हणालो. त्यांनी खिशातून कार्ड काढलं. माझी सगळी कारकीर्द त्या एका होकारातून निघाली. नंतरचे पुरस्कार, मानपत्रं, शाली, सगळं त्याच्याच पोटातलं. संध्याकाळी पुंजाजी ढोलकी गवसणीत घालत होता तेव्हा मी कार्ड दाखवायला त्याच्याकडे गेलो. त्याने कार्डाकडे पाहिलंही नाही.

"सोंग चोरलं त चालते, बाबू," तो म्हणाला. "तू त्याचा जवाब खाल्ला. थो पचत नाई."

पचलं. पुंजाजी चुकला. सगळं व्यवस्थित पचलं.

मुंबईत पहिली काही वर्षं मी गर्दीत उभा राहिलो. गर्दीत उभं राहणाऱ्याला चेहरा लागत नाही. कोणी विचारलं की मी चालून दाखवायचो. लोक हसायचे, पुढच्या वेळी बोलावतो म्हणायचे. शेवटी एका चित्रपटात दोन प्रसंगांचं काम मिळालं, गावचा म्हातारा. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने चाल पाहिली आणि दोनाचे सहा प्रसंग केले. सगळं युनिट खूश. मीही खूश. त्या काळात नायकाची आठवण यायची नाही असं नाही, पण आठवण येते म्हणजे माणूस काही करतो असं थोडंच आहे.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात तो चित्रपट तंबूच्या टॉकीजमधून दिग्रसला आला आणि त्याच्यामागे मी आलो. गावाने डोक्यावर घेतलं. बाजारात सत्कार झाला. ज्या जिनात चिठ्ठ्या दिल्या त्याच अंगणात खुर्ची मांडून मला शेला दिला. शेटजी भाषणात म्हणाले, याची सुरुवात इथेच झाली. टाळ्या झाल्या. पुंजाजी वारला होता, त्यामुळे ढोलकी नव्हती. हंगामाची पहिली बंडी आता कोणाची असते, हे मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

वडील सत्काराला आले नव्हते. आता ते निवृत्त झाले होते, थकले होते, चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. चित्रपट पाहिला का, असं मी विचारलं तर म्हणाले, पाहिला. एवढंच. जेवताना म्हणाले, मीठ घे. हात धुऊन आल्यावर पान लावता लावता त्यांनी विचारलं, "नायकाकडे जाऊन आलास?"

मी नाही म्हणालो. मग ते जे बोलले त्यात आवाज जराही चढला नव्हता. सात वर्षांत सोमला एकदाही दिग्रसला आला नव्हता. कापूस पुसदच्या बाजारात न्यायचा, तिकडचा रस्ता दुप्पट आणि घाट चढावा लागतो तरी. एकदा वडील त्याचा एक कागद घेऊन स्वतः तांड्यावर गेले होते. नायकाने चहा पाजला, कागद ऐकला, सगळं आदराने केलं. पण तो बसल्या जागेवरून उठला नाही. सोयरिकीच्या बैठकांनाही आता धाकटा भाऊ जातो, असं त्याच्या सुनेने सांगितलं. पंचाईत असली तरी लोक त्याच्या खाटेपर्यंत येतात, तो लोकांत जात नाही. वडील म्हणाले, नायक म्हणून त्याचा शब्द राहिला आहे, पण माणूस चार लोकांतून चालत गेला नाही तर शब्द किती दिवस पोचेल? मी पान खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी उतरून निघालो.

वाटेत तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, वेचणीला बाया वाकलेल्या होत्या, नदीत पाणी घोट्याएवढं. मी काय बोलायचं ते घोकत होतो. नटाला संवाद लागतात. मी स्वतःलाच ते तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिले आणि कोणता चांगला वठतो ते पाहत गेलो, हेही इथे लिहून ठेवतो.

नायक लिंबाखाली खाटेवर बसला होता. पागोटं तेच, मिशा पांढऱ्या. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. "बेस, छोरा," म्हणाला आणि खाटेवर जागा केली. सुनेने लोट्यातून पाणी आणलं, मग गुळाचा चहा. त्याने पावसाचं विचारलं, वडिलांच्या डोळ्यांचं विचारलं, मुंबईत भाकरी मिळते का ते विचारलं. मी बोलायला लागलो की तो मान फिरवून उजवा कान पुढे करायचा. मला तिकडे बघवेना. मी घोकलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो की नायकबाबा, तुमचा त्या दिवशीचा जवाब राहिला. तो घ्यायला आलो. मला काय वाट्टेल ते बोला, चार लोकांत बोला, दिग्रसच्या बाजारात उभं करून बोला.

अंगणात त्याची नात, आठेक वर्षांची, सरकीच्या ढिगाशी खेळत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, रागही नाही.

"जवाब त्याच टायमाले द्या लागते, बाबू. आता मी कोणाले देऊ?" त्याने नातीकडे बोट केलं. "पोट्टे तुहा सिनेमा पाहून आले तंबूतून. हे माही नात, इले कोणी काई सांगतलं नाई. मी घरातल्या घरात पानी प्याले उठलो, त हे मले म्हणते, आजा, तू त्या सिनेमावाल्याची नक्कल काहून करतं?"

नातीने आपलं नाव निघालं म्हणून वर पाहिलं आणि मला ओळखून ती हसली. सून आत गेली. तांड्यावर आलेल्या पाहुण्याला नायकाने स्वतः शेवटच्या झोपडीपर्यंत पोचवायला जाणं, हा पाहुण्याचा मान असतो. मी उठलो, राम राम म्हणालो. त्याने बसल्या बसल्या हात जोडले.

घरी वडिलांनी विचारलं, भेटला? मी म्हणालो, भेटला. ते चष्मा पुसायला लागले. मी त्यांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी सोमला गेला, ते पत्र वडिलांनीच लिहिलं होतं. चार ओळींचं, सुरेख अक्षरात. त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं.

पण पत्र नंतरचं. तांड्यावरून परतल्यावर पंधरा दिवसांत मी मुंबईला गेलो. तिथे नवं काम ठरत होतं, देवळातल्या म्हाताऱ्याचं, आणि या खेपेला पडद्यावर नाव येणार होतं. दिग्दर्शक, लेखक आणि आणखी पाच-सहा माणसं खोलीत होती. दिग्दर्शक म्हणाला, तुमची ती चाल हवी आहे, पण तुमची हरकत असेल तर दुसरं काही करून बघू. त्याने मला खरोखर विचारलं होतं. खोलीतले सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी खुर्ची मागे सारली, डावा पाय ओढला, चार पावलांवर थांबलो आणि कान पुढे केला. सगळे हसले.